ओले फडके

प्रत्येक घराचे एक ठरलेले औषध असते. कुठे ओव्याचा अर्क, कुठे सुंठेचा लेप, कुठे आजीने सांगितलेला काढा. घरात कोणाचे काहीही दुखो, ते औषध पुढे येते, माणूस बरा होतो आणि औषधाची कीर्ती एका पिढीने वाढते. औषध दिले नसते तर तो बरा झाला नसता का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारणे बरेही दिसत नाही.

आमच्या घरचे असे औषध म्हणजे ओले फडके. मात्र ते माणसांसाठी नव्हे, मोटारीसाठी.

मोटार म्हणजे आमची फियाट ११००-डी, १९६६ सालची. माझे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनी १९७६ साली कोल्हापुरात ती जुनी म्हणून घेतली, त्या वेळी ते कोर्टात नवे वकील होते. आज नाना चौऱ्याऐंशीचे आहेत आणि गाडी साठीच्या घरात आहे. आई गेल्यावर नाना पुण्याला माझ्याकडे राहायला आले. येताना त्यांनी तीन वस्तू आणल्या : पुस्तकांची कपाटे, आईची तुळस आणि ही गाडी. त्यांतल्या पहिल्या दोन वस्तूंनी आम्हाला कधी त्रास दिला नाही.

आजच्या मुलांना फियाट म्हणजे सिनेमातली काळी-पिवळी टॅक्सी. तीही मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून निघून गेली. पण एकेकाळी मराठी मध्यमवर्गाच्या स्वप्नातली मोटार हीच होती. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी, महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी इवलीशी फियाट ५००, मग १९५४ पासून फियाट ११०० आणि १९६४ पासून ११००-डी तयार होऊ लागली. हीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालत राहिली. चार सिलिंडरांचे १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर, आणि पुढच्या सीटवर तिघे बसतील एवढी ऐसपैस जागा. आमच्या घरात पुढे चौघेही बसल्याचा दाखला आहे. त्या चौघांतला सर्वांत लहान मी होतो.

गाडीचे दुखणे असे. सकाळी थंड असताना ती एका सेल्फमध्ये चालू होई. सपाट रस्त्यावर गुणी मुलीसारखी पळे. पण ऊन असले, चढ असला किंवा गर्दीत पाऊण तास अडकून पडावे लागले, की एकाएकी बंद पडे. मग नाना खाली उतरत, बॉनेट उघडत, डिकीतल्या कॅनमधले पाणी एका सुती फडक्यावर ओतत आणि ते फडके पेट्रोल-पंपावर ठेवत. पंप म्हणजे इंजिनच्या कुशीला बसवलेला, टाकीतले पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा तो छोटासा पंप. कोल्हापूरकडचे मेस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते, वाफेचा बुडबुडा पंपाला ओढता येत नाही आणि इंजिन उपाशी राहते. पंप गार केला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. शास्त्र अगदी खरे आहे. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी चालू होई. नाना फडके पिळून, घडी करून खणात ठेवत आणि अशील सुटल्यासारख्या मुद्रेने गाडीत बसत.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र फडके वारंवार लागू लागले. पुण्यात दोन ठिकाणी गाडी दाखवली. कार्बोरेटर उघडून धुतला, नवा पंप बसला, टाकी साफ झाली, पेट्रोलची नळी बदलली, प्लग आणि पॉइंट बदलले. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजातून ठणठणीत बाहेर येई आणि पुढच्या चढावर मान टाकी. दरम्यान नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ येत होती. जुन्या गाडीला ते दर पाच वर्षांनी करावे लागते. मी, धाकटा भाऊ आणि दोघांच्या सौभाग्यवती अशी एक गोलमेज परिषद भरली. ठराव एकमताने संमत झाला : गाडी विकावी. नानांना सांगायचे कोणी, यावर मात्र एकमत होईना. शेवटी थोरला म्हणून ते माझ्याकडे आले.

नानांनी वर्तमानपत्र बाजूला केले. “विका,” ते म्हणाले. “पण या दसऱ्याला मला तिच्यातून कोल्हापूरला न्या. मग बघू.”

चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस अशी अट घालतो तेव्हा ती अट नसते. मी होकार दिला.

पुण्याहून कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. हल्लीच्या गाड्या ते चार तासांत कापतात. आम्ही पहाटे निघणार होतो. पण नानांची पूजा, माझ्या पत्नीचे डबे आणि शेजाऱ्यांचे सल्ले यांत नऊ वाजले. ऑक्टोबरचे ऊन एव्हाना कामाला लागले होते. कात्रज ओलांडून शिरवळपर्यंत गाडी अशी गेली की मला आमच्या ठरावाची लाज वाटू लागली. पण खंबाटकीचा घाट सुरू झाला, दुसरा गिअर पडला, पुढे एक मालट्रक मुंगीच्या चालीने चालला होता, आणि तिसऱ्या वळणावर आमची फियाट दोन गचके खाऊन थांबली.

मागे भोंग्यांचे कीर्तन सुरू झाले. मी आणि एका भल्या टेम्पोवाल्याने गाडी कडेला ढकलली. नाना शांतपणे फडके भिजवत होते. मी कठड्याला टेकून उभा होतो आणि मनात हिशेब करीत होतो : अजून निम्म्याहून अधिक रस्ता बाकी, सोबत चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, आणि भरवसा कशावर, तर एका फडक्यावर! बारा मिनिटांनी गाडी चालू झाली. “बघ,” नाना म्हणाले. मी काही बोललो नाही.

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याला दुरून नमस्कार करून पुढे निघालो. कऱ्हाड गेले आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागला. हा ऊस दिसला की कोल्हापूरकराच्या अंगात काहीतरी बदलते. नानांचा आवाजही बदलला. पुण्यात ते ‘कुठे’ म्हणतात, पेठ नाक्याच्या पुढे ‘कुटं’ म्हणू लागले. उजवीकडे लांब जोतिबाचा डोंगर दिसला तेव्हा त्यांनी हात जोडले, आणि शिरोलीच्या कारखान्यांच्या रांगा ओलांडून पंचगंगेच्या पुलावर आलो तेव्हा खिडकीची काच पूर्ण खाली केली. त्या वाटेत गाडी आणखी एकदा थांबली होती. त्याचे वर्णन करीत नाही. फडके तेच होते.

आम्ही मंगळवार पेठेत आतेभावाकडे उतरलो. नवरात्र चालू होते. अंबाबाईची रोज नवी पूजा बांधली जात होती आणि गावात पाऊल ठेवायला जागा नव्हती. रात्री जेवताना गाडीची हकीकत निघाली. आतेभाऊ भाकरी मोडता मोडता म्हणाला, “त्यात काय? उद्या उद्यमनगरात न्या की!” हे त्याने असे म्हटले, जसे एखाद्याने ‘तहान लागली तर पाणी प्या की’ म्हणावे.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण कोल्हापूर म्हटले की परगावच्या माणसाला तांबडा-पांढरा रस्सा, कुस्ती, चपला आणि गूळ एवढेच आठवते. हे शहर यंत्रे ओळखणाऱ्यांचे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शाहू महाराजांनी १९०६ साली इथे कापडाची गिरणी काढली आणि राधानगरीला धरणाचे काम हाती घेतले. पाणी आले, तसा ऊस वाढला. पण नदीतले पाणी मळ्यात चढवायला इंजिन लागते, आणि उसाचा घाणा फिरवायलाही इंजिन लागते. गुऱ्हाळाच्या ऐन हंगामात इंजिन बंद पडले तर तोडलेल्या उसाचा रस आंबतो. तो दुरुस्तीसाठी मुंबईच्या कारागिराची वाट पाहत थांबत नाही. तेव्हा ते इंजिन गावातच दुरुस्त व्हायला हवे होते. दुरुस्त करता करता सुटे भाग गावात ओतले जाऊ लागले, आणि सुटे भाग ओतता ओतता अख्खी इंजिने. इथली जुनी माणसे या विद्येचा उगम सांगताना म्हादबा मेस्त्रींचे नाव आदराने घेतात. पुढे शिवाजी उद्यमनगर वसले. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत कारखाने पसरले. आज देशात धावणाऱ्या कितीतरी नव्या मोटारींच्या पोटातले ओतीव भाग कोल्हापूरच्या भट्ट्यांतून निघालेले असतात.

आणि ही विद्या केवळ शेतीच्या इंजिनांपुरती राहिली नाही. मराठी चित्रपटाचा पाया घालणारे बाबुराव पेंटर याच गावचे. त्यांचे खरे आडनाव मेस्त्री. परदेशी कॅमेरा परवडेना, तेव्हा त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी तो स्वतःच घडवायचे मनावर घेतले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबुरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. वस्तू उघडून पाहावी, ती कशी चालते हे समजून घ्यावे, आणि मग ती आपल्या हाताने करावी, हा या गावचा स्वभाव आहे. त्याला शिक्षण म्हणायचे की खोडी, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उद्यमनगरात शिरलो. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, त्यांतून लेथचा घुर्र आवाज, तापलेल्या तेलाचा वास आणि पायांखाली लोखंडाचा चकाकणारा कीस. एका दारात इंजिनाचे ओतीव ठोकळे रचून ठेवलेले. शेजारच्या दारात एक मुलगा ग्राइंडरच्या ठिणग्यांत चेहरा वळवून उभा. त्या आवाजात आमची फियाट शिरली तेव्हा चार-पाच दारांतून माणसे डोकावली. “११००-डी!” कोणीतरी म्हणाले. त्या आवाजात कीव नव्हती, ओळख होती.

आतेभावाने सांगितलेले मेस्त्री साठीच्या आसपासचे होते. अंगात खाकी सदरा, कानावर पेन्सिल. त्यांचा मुलगा शेडच्या पुढच्या भागात नव्या गाड्या बघतो. त्याच्या हातात एक यंत्र होते. ते गाडीला जोडले की दुखण्याचा आकडा पडद्यावर उमटतो. “त्याच्या गाड्या आपणहून बोलत्यात,” मेस्त्री म्हणाले. “आमच्या म्हाताऱ्यांना विचारावं लागतंय.”

पण त्यांनी आधी गाडीला विचारले नाही. बॉनेटही उघडले नाही. स्टुले मागवली, चहा सांगितला आणि मला म्हणाले, “सर, बंद पडते ती कशी पडते? झोप लागल्यासारखी हळूहळू, का उचकी लागल्यासारखी?”

मी विचारात पडलो. दोन वर्षे ही गाडी मी चालवीत होतो. पण ती कशी बंद पडते हे मला सांगता येईना. बंद पडते एवढेच ठाऊक होते. वर्गात मुलांना कवितेतल्या विरामचिन्हांकडे लक्ष द्या म्हणून सांगणारा मी!

“उचकी,” नाना म्हणाले. “आधी दोन गचके. सायलेन्सरमध्ये एखादा फटाका. मग एकदम गप्प.”

मेस्त्रींनी स्टूल नानांच्या दिशेला फिरवले. त्यानंतरचा अर्धा तास ते माझ्याशी बोललेच नाहीत. ऊन किती असते, किती वेळाने थांबते, चढावर आधी वेग उतरतो का, बंद पडल्यावर किती वेळाने चालू होते. नाना एकेक उत्तर साक्ष दिल्यासारखे देत होते. पुण्यात ज्यांनी गाडी पाहिली त्यांतल्या कोणीही त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता. ते गॅरेजच्या दारात उभे असत, आणि आम्ही मुले त्यांना म्हणत असू, “नाना, तुम्ही सावलीत बसा.”

“जुने पॉइंट आहेत का हो, काढलेले?” मेस्त्रींनी विचारले.

मी ‘नाही’ म्हणणार तोच नानांनी गाडीचा खण उघडून काड्यापेटी काढली. त्यांनी आयुष्यात काही टाकून दिलेले नाही. पेटीत पॉइंटच्या दोन जोड्या होत्या, कागदात गुंडाळलेल्या, वर तारखा. मेस्त्रींनी त्या उजेडात धरल्या. एका टोकावर बारीक उंचवटा, समोरच्या टोकावर तेवढाच खड्डा, आणि भोवती निळसर काळे. दोन तारखांत जेमतेम दहा आठवड्यांचे अंतर होते. “इतक्यात जळत न्हाईत,” ते स्वतःशीच म्हणाले आणि उठले.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. गाडी शेडमधून बाहेर काढून उन्हात, भिंतीकडे तोंड करून उभी केली, बॉनेट बंद ठेवले, इंजिन चालू केले आणि पुन्हा चहा सांगितला. बरी गाडी तपासण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे. दुखणे उठले पाहिजे, मग नाडी बघायची. आमची गाडी ज्या ज्या गॅरेजात गेली तिथे ती पोचेपर्यंत गार झालेली असे. तिथे सगळेच ठीक दिसे. दुखणे खंबाटकीत आणि डॉक्टर पुण्यात, अशी तिची गत होती.

चाळीस मिनिटांनी इंजिनने उचकी दिली, सायलेन्सरमध्ये एक फटाका वाजला आणि ते गप्प झाले.

मेस्त्री चपळाईने उठले. बॉनेट वर, एअर फिल्टर बाजूला. हाताने अ‍ॅक्सिलरेटरची कडी हलवून त्यांनी कार्बोरेटरच्या घशात डोकावले आणि मलाही दाखवले. आत पेट्रोलची बारीक धार उडत होती. “पेट्रोल हाय,” ते म्हणाले. “वाफ-बिफ काय न्हाई.” मग एका प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनच्या लोखंडापासून जरा दूर धरले आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी पडली, पण पिवळट, बारीक, दम लागलेली. “ही निळी पाहिजे. टचकन वाजली पाहिजे.”

नानांचा हात सवयीने खणाकडे गेला होता. त्यांनी फडके काढले, कॅनचे झाकण उघडले.

“अण्णा,” मेस्त्री हळूच म्हणाले, “फडकं जरा ऱ्हाऊ दे. नुसतं घड्याळ बघा.”

आम्ही सगळे नुसते उभे राहिलो. पंपाला कोणी हात लावला नाही. नाना हातात कोरडे फडके धरून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. अकरा, बारा, तेरा मिनिटे. मेस्त्रींनी सेल्फ मारला. गाडी चालू झाली.

गल्लीत लेथ घुरघुरत होते. पण आमच्याकडे अगदी शांत झाले. मी नानांकडे पाहायचे टाळले. इतकी वर्षे भरवशाने जपलेली गोष्ट तेरा मिनिटांत खोटी ठरली होती, तीही मुलादेखत. गाडी चालू होत होती ती फडक्याने नव्हे. फडके भिजवायला, ठेवायला आणि वाट पाहायला जो वेळ जात होता, त्या वेळाने चालू होत होती. आम्ही वाट पाहत होतो आणि श्रेय पाण्याला देत होतो.

मेस्त्रींनी ते ओळखले असावे. पुसत असलेल्या हातांकडे बघत ते म्हणाले, “फडकं खोटं नव्हतं, अण्णा. पहिल्यांदा वाफच धरत असंल. ह्या गाड्यांना धरतीच. तवा तेच औषध खरं. पण रोग बदलला आणि औषध तेच ऱ्हायलं.”

नाना काही क्षण थांबले. मग वकिलाच्या आवाजात म्हणाले, “पुरावा?”

मेस्त्री मनापासून हसले. “आता देतो.”

पुरावा त्यांनी असा दिला. गाडी पुन्हा तापवून बंद पाडली. मग डेल्कोच्या अंगाला स्क्रूने बसवलेली, अंगठ्याच्या पेराएवढी एक गोल डबी सोडवली. हा कंडेन्सर. तिच्या जागी दुसरा लावला आणि क्षणभरही न थांबता सेल्फ मारला. इंजिन तापलेलेच होते. तरी लगेच चालू झाले. मला वाटले, झाले काम. पण मेस्त्रींनी इंजिन बंद करून जुनाच कंडेन्सर पुन्हा बसवला. थोड्याच वेळात उचकी, फटाका आणि शांतता. मग पुन्हा नवा. पुन्हा चालू.

“एकदा बरी झाली ते योगायोगानं असंल,” ते म्हणाले. “दोनदा काढून घालून बघितलं की मग खरं.”

ही छोटी डबी काय करते ते त्यांनी समजावले. बॅटरीचा बारा व्होल्टचा करंट कॉइलमध्ये कित्येक हजार व्होल्ट होतो, पण तो केव्हा, तर पॉइंट उघडून आधीचा करंट एकदम तुटतो तेव्हा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांसाठी सेकंदाला शंभर वेळा हे उघडणे-मिटणे होते. पॉइंट उघडताना करंट फटीतून उडी मारू बघतो. कंडेन्सर त्याला क्षणभर आपल्या पोटात घेतो, म्हणून तुटणे स्वच्छ होते आणि प्लगवर ठिणगी निळी पडते. कंडेन्सर दुबळा झाला की ती उडी पॉइंटवरच पडते : पॉइंट जळतात आणि प्लग उपाशी राहतो. आमचा कंडेन्सर थंड असताना काम करी आणि तापला की हार खाई. सगळी दुखणी पेट्रोलची नव्हती, विजेची होती. आणि पुण्यात बदललेल्या कार्बोरेटरच्या जेटपासून पंपापर्यंत सगळे निर्दोष होते. प्रत्येक वेळी पॉइंट बदलले गेले. पण ते का जळतात, हे कोणी विचारले नव्हते.

नवे पॉइंट बसवून, गेजची पाती फटीत सरकवून त्यांनी अंतर नेमके केले आणि कंडेन्सरची किंमत व मजुरी मिळून जे पैसे घेतले त्यात आम्हा तिघांची मिसळ जेमतेम झाली असती. मी जास्त देऊ लागलो, तर त्यांनी हात मागे घेतला. “निदान अण्णांनी केलं,” ते म्हणाले. “मी नुस्ता स्क्रू फिरवला.” नाना जुना कंडेन्सर काड्यापेटीत ठेवीत होते. वर आजची तारीख घातली.

त्या संध्याकाळी आम्ही पन्हाळ्याला गेलो. वीसेक किलोमीटरचा रस्ता, शेवटी चढ. मी कान देऊन बसलो होतो. प्रत्येक वळणावर उचकीची वाट पाहत होतो. ती आली नाही. वर पोचल्यावर नानांनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. ते चांगलेच तापले होते. ते काही बोलले नाहीत. पण तटाशी उभे राहून खालचा पंचगंगेचा हिरवा पट्टा बराच वेळ पाहत राहिले.

दसऱ्याला दसरा चौकात गेलो. छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार तिथे येते. सोने लुटण्याच्या त्या गर्दीत लहान मुले बापाच्या खांद्यावर बसून ती मोटार पाहत होती. नाना म्हणाले, मीही अशीच पाहिली होती, माझ्या वडिलांच्या खांद्यावरून. इतक्या वर्षांची गाडी. पण कोल्हापूर तिला काचेच्या पेटीत ठेवून मोकळे झालेले नाही. वर्षातून एक दिवस का होईना, तिने चालायचे असते. आणि ती चालावी म्हणून वर्षभर कोणीतरी तिचे ऐकत असणार.

परतताना साताऱ्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा नानांनी विषय काढला.

“आता विका.”

मला नीट कळले नाही. “नाना, आता तर ती बरी झाली!”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “आजारी जनावर बाजारात नेऊ नये. घेणाऱ्याला सांगायचं काय, फडकं ठेवा? दोन वर्षं तेवढ्यासाठीच थांबलो होतो. आता दुसऱ्याच्या हातात दिली तरी माझ्या मनाला लागणार नाही.”

आम्ही सगळ्यांनी त्यांच्या थांबण्याला मोह समजलो होतो. परिषदेत ‘भावना’ हा शब्द चार वेळा उच्चारला गेला होता, आणि त्यातले तीन वेळा मीच. कोणी त्यांना विचारले नव्हते की तुम्ही का थांबलात. आम्हीही कार्बोरेटर धूत बसलो होतो.

नोंदणीचे नूतनीकरण मी गेल्या महिन्यात करून घेतले. गाडी विकली नाही. नानांनी कारण विचारले नाही. फक्त जुनी काड्यापेटी माझ्या हवाली केली. रविवारी सकाळी मी त्यांना गाडीतून फिरवून आणतो. निघण्याआधी ते काचा पुसतात. फडके तेच आहे. पण आता ते कोरडे असते.